काल्पीहून सुरतेला आलेला जनरल

1779 च्या फेब्रुवारीत, महिना संपायला दोन-चार दिवस असताना, सुरतेत एक सैन्य येऊन उतरलं. सुरतेला सैन्याची नवलाई नव्हती. शिवाजी महाराजांचे स्वार 1664 मध्ये आणि पुन्हा 1670 मध्ये या शहरातून जाऊन आले होते. मोगल, गायकवाड, पेशवे, इंग्रज अशा सगळ्यांच्या फौजा तापीच्या काठाने पाहिल्या होत्या. मात्र हे सैन्य ना समुद्रावरून आलं होतं, ना दक्षिणेतून. ते आलं होतं यमुनेकाठच्या काल्पीहून, बुंदेलखंड, भोपाळ, होशंगाबाद, बुऱ्हाणपूर असा मध्य हिंदुस्थान तुडवत. शिपाई बहुतेक अवध-बिहारकडचे, नोकरी कलकत्त्याच्या कंपनी सरकारची आणि सेनापती थॉमस गॉडर्ड नावाचा इंग्रज कर्नल.

पहिलं इंग्रज-मराठा युद्ध मराठी माणसाला वडगावमुळे आठवतं. तळेगावापर्यंत आलेली इंग्रजी फौज, कार्ल्याला पडलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट म्हणजे आपला ‘इष्टूर फाकडा’, मग 1779 च्या जानेवारीतली इंग्रजांची शरणागती. तिथून आपली आठवण एकदम सालबाईच्या तहावर उडी मारते. मधली तीन वर्षं जवळजवळ गाळलेली असतात. ती तीन वर्षं गॉडर्डची आहेत. अहमदाबाद त्याने घेतलं, चिमाजी आप्पांची वसई त्याने घेतली आणि बोरघाटात मारही त्यानेच खाल्ला.

गॉडर्ड विल्टशर परगण्यातल्या घराण्यातला. इंग्लंडच्या राजाच्या 84 व्या रेजिमेंटमध्ये तो लेफ्टनंट म्हणून हिंदुस्थानात आला आणि फ्रेंचांचं पाँडिचेरी 1761 मध्ये पडलं त्या मोहिमेत होता. रेजिमेंट मोडल्यावर मायदेशी परतण्याऐवजी त्याने कंपनीची चाकरी धरली. 1764 मध्ये मुर्शिदाबादला त्याने शिपायांची एक पलटण उभी केली. पुढची बारा-तेरा वर्षं बंगाल आणि अवधमध्ये गेली. लखनौच्या नवाबाकडे ठेवलेल्या फौजेचा तो प्रमुख झाला. यात थरारक असं फारसं काही नाही. पण देशी शिपायांना कसं वागवायचं, बैल कुठून मिळवायचे, बंजाऱ्यांशी धान्याचा सौदा कसा करायचा, हे सगळं तो या वर्षांत शिकला असणार. पुढे त्याला यश मिळालं ते याच भांडवलावर.

आता त्या काळच्या सुरतेकडे पाहू. बंदर म्हणून शहराची कळा उतरत होती, मुंबई वर येत होती; तरी सराफी अजून सुरतेचीच होती. सुलतानी अमदानीत, 1540 च्या दशकात खुदावंदखानाने बांधलेला तापीकाठचा किल्ला इंग्रजांनी 1759 मध्ये घेतला आणि मागाहून दिल्लीच्या बादशहाकडून किल्लेदारीची सनद मिळवली. त्यामुळे किल्ल्यावर दोन निशाणं फडकत, एक कंपनीचं आणि एक बादशहाचं. शहराचा कारभार नावाला नवाब पाही. वसुलातला चौथाईचा वाटा न्यायला मराठ्यांची माणसं इथेच राहत. पेशव्यांचा वाटा वेगळा, गायकवाडांचा वेगळा. एका शहरात इतके धनी क्वचितच नांदले असतील.

याच सुरतेत 6 मार्च 1775 रोजी राघोबादादा आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. नारायणरावाच्या खुनानंतर पेशवाई हातची गेलेल्या दादांना अडीच हजार फौज हवी होती. मुंबईला साष्टी आणि वसई हवी होती. साष्टी तर इंग्रजांनी तहाच्या आधीच ठाण्याचा किल्ला घेऊन बळकावली होती. रोख पैसा नसल्याने दादांनी सहा लाखांचे जडजवाहीर गहाण ठेवले. पुण्याची गादी मिळवण्यासाठी पुण्याच्या वसईवर पाणी सोडायला निघालेल्या माणसाबद्दल मराठी वाचकाने काय मत करून घ्यावं, हे सांगायची गरज नाही.

गंमत अशी की, हा तह मुंबईने कलकत्त्याला न विचारता केला. 1773 च्या कायद्याने कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल मुंबईच्या गव्हर्नरच्या डोक्यावर बसवला होता. कलकत्त्याने सुरतेचा तह नामंजूर केला, कर्नल अप्टनला पाठवून 1776 मध्ये पुरंदरला दुसरा तह केला. आणि दोनच वर्षांत गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने पुन्हा मुंबईच्या मदतीला फौज पाठवायचं ठरवलं. पुण्यात एक फ्रेंच वकील नाना फडणिसांच्या भेटीगाठी घेत होता, त्याची धास्ती या निर्णयामागे होती.

फौज जहाजांनी पाठवणं सोपं होतं. पण बंगालच्या पलटणींत ब्राह्मण-राजपुतांचा भरणा. समुद्र ओलांडला की जात गेली, अशी त्यांची समजूत. शिवाय हेस्टिंग्जला दाखवून द्यायचं होतं की कंपनीची फौज हिंदुस्थान आडवा कापून जाऊ शकते. म्हणून 1778 च्या उन्हाळ्यात काल्पीला यमुना ओलांडून सैन्य निघालं. साडेसहा हजारांवर शिपाई, शंभरावर गोरे अधिकारी आणि त्यांच्यामागे वाणी, सईस, भिस्ती, हमाल, बायकापोरं असे तीस हजारांच्या घरात बाजारबुणगे. लढणाऱ्या एका माणसामागे न लढणारे चार-पाच जण खाणारे. या सैन्याकडे पाहताना हा हिशेब कायम ध्यानात ठेवावा लागतो.

सेनापती होता कर्नल लेस्ली, गॉडर्ड त्याचा दुय्यम. लेस्ली बुंदेलखंडातच रुतला. तिथल्या राजांच्या भाऊबंदकीत त्याने हात घातला आणि पावसाळ्याचे महिने तिथेच घालवले. वैतागलेल्या हेस्टिंग्जने त्याला परत बोलावण्याचा हुकूम काढला; हुकूम पोचण्याआधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लेस्ली तापाने मेला. सूत्रं गॉडर्डच्या हाती आली.

आणि सैन्य चालू लागलं. भोपाळचा नवाब हयात मुहम्मद खान मराठ्यांच्या शेजाराने गांजलेला. त्याने इंग्रजांना दाणागोटा आणि वाट दिली. हे उपकार कंपनी पुढे बराच काळ विसरली नाही. डिसेंबरात होशंगाबादला नर्मदा ओलांडून गॉडर्ड थांबला. नागपूरच्या मुधोजी भोसल्यांशी दोस्ती जमते का ते पाहायचं होतं. मुधोजींनी गोड बोलून काहीच कबूल केलं नाही. जानेवारीच्या मध्यावर गॉडर्ड तिथून निघाला आणि महिनाअखेर बुऱ्हाणपूरला पोचला.

तोवर सह्याद्रीत आक्रीत घडलं होतं. मुंबईच्या मंडळींनी बंगालच्या फौजेची वाट न पाहताच राघोबादादांना घेऊन घाट चढला. तळेगावला त्यांना पेटवून दिलेलं गाव आणि चहूकडे मराठी घोडदळ दिसलं. रात्री तोफा तळ्यात टाकून ते माघारी वळले, वडगावला कोंडले गेले आणि लिहून देऊन सुटले: 1773 पासून घेतलेला मुलूख परत करू आणि बंगालहून येणारी फौज परत पाठवू. म्हणजे गॉडर्डची फौज बुऱ्हाणपूरला असताना तिच्या परतीचा करार वडगावात झालेला होता.

बुऱ्हाणपूरला गॉडर्डच्या हाती मुंबईवाल्यांची जी पत्रं पडली, त्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. एकात माघारी जा, दुसऱ्यात आधीच्या पत्राकडे लक्ष देऊ नका. नेमकं काय झालं, हे कोणीच धड लिहीत नव्हतं. इथे गॉडर्डने केलेला विचार त्याच्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला म्हणायला हवा. मुंबईच्या फौजेवर काहीतरी भयंकर गुदरलं आहे, हे त्याने ताडलं. आपण मुंबईचे नोकर नाही, कलकत्त्याचे आहोत, हे ठरवून टाकलं. आणि परत न फिरता पश्चिमेकडे कूच केलं. त्याला अडवायला पुण्याहून वीस हजार घोडा निघत होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघून सुमारे तीनशे मैलांची वाट त्याने एकोणीस दिवसांत काटली. दिवसाला पंधरा-सोळा मैल, तोफा आणि बाजारबुणग्यांसकट!

हे जमलं कसं? त्याच्या शिपायांनी गावं लुटली नाहीत. खानदेशातल्या वाटेवरच्या गावांतून माणसं पळाली नाहीत, घरं उघडी राहिली, दाणावैरण विकत मिळत गेली. लष्कर येतंय म्हटलं की ओस पडणाऱ्या गावांचा तो काळ. पेंढाऱ्यांना सवकलेल्या मुलखात रोख पैसे मोजणारी फौज ही अपूर्वाई होती. गॉडर्डचा चांगुलपणा वगैरे यात शोधू नये. चाळीस हजार तोंडांना रोज खायला घालायचं तर गावकऱ्याचा विश्वास स्वस्त पडतो, एवढा साधा व्यवहार त्याला कळत होता.

सुरतेला पोचताच त्याचं वजन वाढलं. हेस्टिंग्जने वडगावचा करार झुगारला, गॉडर्डला बढती दिली आणि पुणे दरबाराशी तहाची बोलणी करण्याचा अखत्यार मुंबईच्या गव्हर्नरला न देता त्याच्या हाती सोपवला. विल्यम हॉर्नबी तेव्हा मुंबईचा गव्हर्नर. आपल्या इलाख्याच्या शेजारी आलेला हा जनरल आपलं ऐकणार नाही, कलकत्त्याला पत्रं लिहिणार, मात्र लढाईत आपली माणसं आणि आपली रसद वापरणार, ही गोष्ट हॉर्नबीच्या कौन्सिलला झोंबली. गव्हर्नर आणि सेनापती यांची ही ओढाताण पुढेही चालू राहिली. युद्धाचा खर्च भागवायला मुंबईच्या खजिन्यात पैसा नव्हता. बंगालचा पैसा सराफांच्या हुंड्यांवर यायचा आणि हुंडी वटायला वेळ लागायचा.

दरम्यान राघोबादादा पुन्हा सुरतेकडे आले. वडगावनंतर ते महादजी शिंद्यांच्या ताब्यात होते. त्यांना बुंदेलखंडाकडे नेत असताना नर्मदेजवळ पहारा मारून ते निसटले आणि 1779 च्या जूनमध्ये गॉडर्डच्या आश्रयाला पोचले. महादजींनी मुद्दाम डोळेझाक केली असा संशय तेव्हाही घेतला गेला. गॉडर्डने दादांना महिना पन्नास हजारांची नेमणूक बांधून दिली, पण चार वर्षांपूर्वीसारखं त्यांना पुढे घालून पुण्याकडे निघाला नाही. हा पाहुणा किती महाग पडतो, हे त्याने मुंबईकरांकडे पाहून ओळखलं होतं. पुण्याहून नानांचं उत्तर ठाम होतं: आधी राघोबांना आमच्या हवाली करा आणि साष्टी परत द्या, मग तहाचं बोलू.

1780 च्या पहिल्याच दिवसांत गॉडर्डने तापी ओलांडून उत्तरेकडे मोहीम काढली. डभोई घेतलं. 26 जानेवारीला फत्तेसिंग गायकवाडाशी तह केला: महीच्या उत्तरेचा पेशव्यांचा मुलूख गायकवाडाला, सुरतेकडचा मुलूख आणि भरूचच्या वसुलातला गायकवाडांचा हिस्सा इंग्रजांना. पुण्याचा मुलूख बडोद्याला देऊन बडोद्याचं उत्पन्न आपण घ्यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खर्च मराठ्यांचाच. मग अहमदाबाद. तटाला खिंडार पडल्यावर 15 फेब्रुवारीच्या सकाळी कर्नल हार्टलेच्या हाताखालच्या तुकडीने आत घुसून शहर घेतलं आणि करारानुसार ते फत्तेसिंगाच्या ताब्यात गेलं.

महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर वीस हजार स्वार घेऊन नर्मदा उतरले तेव्हा मात्र गॉडर्डला पहिल्यांदा वेगळ्या जातीचा शत्रू भेटला. महादजींनी वडगावचे दोन इंग्रज ओलीस सोडून दिले, सलोख्याची भाषा केली, आणि दिवस काढत राहिले. पावसाळा तोंडावर आला की इंग्रजी तोफा चिखलात रुतणार, हे त्यांना माहीत होतं. गॉडर्डनेही ते ओळखून बोलण्यांना तीन दिवसांची मुदत घातली. 3 एप्रिलच्या पहाटे अंधारात त्याने शिंद्यांच्या छावणीवर छापा घातला. मराठे उधळले, काही मैलांवर जाऊन पुन्हा उभे राहिले. इंग्रजी बखरकार याला विजय म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी महादजी होते तिथेच जवळपास होते, घोडा शाबूत होता, आणि गॉडर्डला पाठलाग करायला पुरेसं घोडदळ नव्हतं. शहर घेता येतं, किल्ला घेता येतो. पसरलेली छावणी कशी घ्यायची, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. महादजींना गुजरातेतून माळव्यात परतावं लागलं ते दुसऱ्याच कारणाने. इंग्रज कॅप्टन पॉपहॅमने ऑगस्टमध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिडी लावून घेतला आणि शिंद्यांच्या घरालाच आग लागली.

पाऊस संपल्यावर गॉडर्डने वसईकडे मोर्चा वळवला. जड तोफा आणि गोरी पलटण समुद्रावरून, बाकीचं सैन्य सुरतेहून किनाऱ्याने. नोव्हेंबरच्या मध्याला तो वसईसमोर आला. एकेचाळीस वर्षांपूर्वी चिमाजी आप्पांच्या माणसांनी सुरुंग लावून, हजारोंनी पडून पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला. गॉडर्डने घाई केली नाही. एकामागून एक मोर्चे पुढे सरकवत तो तटापासून पाचशे यार्डांवर आला, तोफा आणि उखळ्यांचा मारा सुरू झाला आणि 11 डिसेंबरला वसई पडली. वेढा फोडायला आलेल्या मराठी फौजेला हार्टले पूर्वेकडे थोपवून होता. दुसऱ्याच दिवशी, 12 डिसेंबरला, वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला पहाटेच्या धुक्यात रामचंद्र गणेश कानडे यांनी त्याच्यावर चाल केली आणि त्या चकमकीत ते पडले. ज्या किल्ल्यासाठी ते लढत होते, तो आदल्या दिवशीच गेला होता.

इथे थांबला असता तर गॉडर्डचं नाव निर्भेळ यशाचं राहिलं असतं. पण तिकडे कर्नाटकात हैदर अलीने मद्रासच्या इंग्रजांची दाणादाण उडवली होती आणि कलकत्त्याला पुण्याशी लवकरात लवकर तह हवा होता. गॉडर्डने ठरवलं की पुण्याला थोडी भीती घालावी. 8 फेब्रुवारी 1781 च्या रात्री त्याने बोरघाट घेतला, एक तुकडी वर खंडाळ्याला ठेवली आणि स्वतः खाली खोपोलीला राहिला. पुण्यावर चढाई करण्याइतकं बळ त्याच्याजवळ नव्हतं. नाना घाबरून सही करतील एवढीच आशा.

नानांनी सही केली नाही. हैदराला वगळून तह होणार नाही, असा निरोप दिला आणि हरिपंत फडके, तुकोजी होळकर घाटाच्या बाजूने आणि परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात अशी माणसं पेरली. परशुरामभाऊंनी नेमका गॉडर्डच्या मर्मावर हात घातला. त्याची सगळी रसद पनवेलहून यायची. पनवेल ते खोपोली ही आज गाडीने तासाभराची वाट. तेव्हा बैलांच्या तांड्यांना ती दोन-तीन दिवस खायची आणि दोन्ही अंगांनी झाडी. धान्य आणणाऱ्या प्रत्येक तांड्याबरोबर अख्ख्या पलटणी द्याव्या लागू लागल्या आणि तरी त्यांची माणसं मारली जात होती, बैल पळवले जात होते. खानदेशात पैसे टाकले की दाणा मिळत होता. इथे गावं रिकामी होती आणि विकायला कोणी नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर त्याने माघार ठरवली. तोफा घाटाखाली उतरवल्या आणि 20 एप्रिलला खोपोली सोडली. पुढचे तीन दिवस मराठे दगडाझाडांआडून बंदुका झाडत राहिले, मागच्या तुकडीवर तुटून पडत राहिले. चौकवरून पनवेल गाठेपर्यंत 466 माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यांत अठरा गोरे अधिकारी. वडगावसारखी शरणागती मात्र झाली नाही. सैन्य रांगेत राहिलं, तोफा सोडल्या नाहीत. तरीही पुण्यात हा मोठा विजय मानला गेला आणि तो होताच. ग्रँट डफसारख्या ब्रिटिश इतिहासकारानेही तो मान्य केला आहे.

17 मे 1782 रोजी सालबाईला तह झाला, तोही गॉडर्डच्या हातून नाही. हेस्टिंग्जचा वकील डेव्हिड अँडरसन आणि मध्यस्थ महादजी शिंदे. तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली, जी गॉडर्ड येण्याआधीच त्यांनी घेतलेली होती. त्याने जिंकलेली वसई आणि अहमदाबाद परत गेली. भरूच, वडगावच्या वेळी इंग्रजांशी दाखवलेल्या सौजन्याबद्दल, महादजींना मिळालं. राघोबादादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक आणि कोपरगावचा मुक्काम. तिथेच त्यांचा शेवट झाला. तीन वर्षांच्या मोहिमेचं एवढं फळ. वसई इंग्रजांना कायमची मिळाली ती बऱ्याच वर्षांनी, राघोबादादांच्या मुलाच्या, दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीच्या अखेरीस.

हॉर्नबी 1784 पर्यंत गव्हर्नर राहिला. वरळीच्या खाडीला घातलेला बांध हॉर्नबी वेलार्ड म्हणून आणि फोर्टातला हमरस्ता हॉर्नबी रोड म्हणून त्याचं नाव मुंबईत दीडशेहून अधिक वर्षं टिकलं. त्या रस्त्याला आज दादाभाई नौरोजींचं नाव आहे. सेनापती एकीकडे आणि गव्हर्नर दुसरीकडे, ही कटकट लवकरच लंडनलाही नको झाली असावी. 1788 मध्ये विल्यम मेडोज आणि 1790 मध्ये रॉबर्ट अॅबरक्रॉम्बी असे दोन लष्करी जनरल मुंबईचे गव्हर्नर म्हणून लागोपाठ आले. गॉडर्डला हवी होती तशी एकहाती सत्ता त्यांना सुरुवातीलाच मिळाली. सुरतेतली दोन धन्यांची व्यवस्था त्यानंतर दहा वर्षांत संपली. 1800 मध्ये गव्हर्नर जोनाथन डंकनने स्वतः सुरतेला जाऊन नवाबाला नेमणूक बांधून दिली आणि कारभार कंपनीकडे घेतला.

गॉडर्डला मायदेश पाहायला मिळाला नाही. घाटातून परतल्यावर तब्येत ढासळत गेली, तो जहाजाने निघाला आणि 1783 च्या जुलैमध्ये, इंग्लंडचं लँड्स एंड टोक दिसायच्या सुमारास, जहाजावरच वारला. त्याच्याबरोबर काल्पीहून आलेले शिपाई 1784 मध्ये आले तसेच, पायी, हिंदुस्थान आडवा ओलांडून बंगालला परतले. सहा वर्षांनी घरी आलेल्या या लोकांसाठी हेस्टिंग्जने एक पदक काढायला लावलं. एका बाजूला ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. वरच्या देशी अधिकाऱ्यांना सोन्याचं, खालच्यांना चांदीचं, गळ्यात घालायला पिवळी दोरी. देशी शिपायांना मोहिमेबद्दल कंपनीने दिलेल्या अगदी सुरुवातीच्या पदकांपैकी हे एक. त्याला ‘दख्खन पदक’ म्हणतात, आणि नाणी-पदकं जमवणाऱ्यांच्या लिलावांत ते अजूनही अधूनमधून विक्रीला येतं.